सातबारा नाही म्हणून भूकही नाही?

मंठा तालुक्यातील एक मावशी गेल्या महिन्यात रेशनकार्ड घेऊन आमच्याकडे आल्या. कार्ड केशरी. घरात पाच माणसे, जमीन गुंठाभरही नाही. दिवाळी झाली की मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. दुकानात धान्य मिळत नाही आणि धान्याऐवजी मिळणारे पैसेही नाहीत, कारण त्यासाठी सातबारा लागतो. "वकीलसाहेब, रान असतं तर रेशनच्या दारात कशाला गेले असते?" असे त्या म्हणाल्या. आम्ही निरुत्तर झालो.

ही पैशांची भानगड समजून घेतली पाहिजे. मराठवाडा, विदर्भातील चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे जालन्यातही, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना ऑगस्ट 2015 पासून माणशी पाच किलो धान्य स्वस्तात मिळू लागले. 2022 साली केंद्राकडून येणारे धान्य थांबले. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याने धान्याच्या जागी माणशी दरमहा 150 रुपये ठरवले, जून 2024 मध्ये त्याचे 170 केले. शेतकऱ्याला मिळते त्याबद्दल आमच्या पोटात दुखत नाही. कोरडवाहू शेतकरीही भरडलेलाच आहे. पण पाच माणसांच्या शेतकरी घराला 850 रुपये आणि त्याच्याच रानात कापूस वेचणाऱ्या पाच माणसांच्या घराला शून्य, हा कुठला न्याय?

आणि आमच्या माणसाकडे सातबारा का नाही, हेही शासनाला माहीत आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर 1991 मध्ये निघाला. तरीही पिढ्यानपिढ्या गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही कागदावर शेतकरी नाहीत. जमीन द्यायची नाही आणि जमीन नाही म्हणून धान्यही नाकारायचे!

मग मावशींना अन्न सुरक्षा कायद्यात का घेत नाहीत? 2013 साली राज्याने ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक 44 हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने 142 दिवस काम केले की कुटुंब मर्यादेबाहेर! कुटुंबे निवडण्याचे निकष ठरवणे कलम 10 प्रमाणे राज्याच्या हातात आहे. पण एकूण लाभार्थी किती, हे केंद्र 2011 च्या जनगणनेवरून ठरवते. महाराष्ट्राचा कोटा सात कोटींवर खिळला आहे. पोरे जन्मली, माणसे वाढली, कोटा हलला नाही.

बरे, ज्यांची नावे आत आहेत त्यांचे तरी पोट भरते का? अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, बाकीच्यांना माणशी पाच किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे, हे खरे. पण 2011-12 च्या नमुना पाहणीत ग्रामीण माणूस महिन्याला सुमारे 11 किलो तृणधान्य खात होता. पाच किलो म्हणजे दिवसाला 166 ग्रॅम. राबणाऱ्या बाईच्या दोन भाकरींनंतर काय उरते? वर डाळ नाही, तेल नाही. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ, पामतेल दिले आणि त्याला आनंदाचा शिधा म्हटले. सण सरला की डाळ बाजारभावाने.

आमची मागणी साधी आहे. भूमिहीन केशरी कार्डधारकाला सातबाऱ्याची अट नको आणि उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीला धरून ठरवा. तोवर मंठा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यांत, तांड्यांवर अशी कार्डे गोळा करावीत. नाव समाविष्ट करण्याचा लेखी अर्ज द्यावा. नाकारल्यास कलम 15 खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथून राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. मावशींचा अर्ज आम्ही दिला आहे. तोंडी नकार ऐकून कोणी परत फिरू नये, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.