जुन्या वास्तू, नव्या खिडक्या

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा प्रश्न निघाला की चर्चा मनोरे, घुमट, कमानी आणि दगडातील कोरीवकाम यांच्याभोवती फिरत राहते. खिडकी हा वास्तूचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत अधिक हाताळला जाणारा भाग. पण तिचा विचार होतो तो बहुधा ती निखळण्याच्या बेतात आल्यावर, आणि तोही अंदाजपत्रकातील एक किरकोळ बाब म्हणून. मग एके दिवशी सागवानी झडपा उतरविल्या जातात, त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात आणि चार पिढ्यांनी वापरलेली वस्तू आठवड्याभरात भंगारात जाते. ज्या महाविद्यालयांत, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत हे घडते, तेथे रोज बसणाऱ्यांना एवढेच जाणवते की खोली पूर्वीपेक्षा अधिक उकडते.

मुंबईपुरते बोलायचे तर या प्रश्नाला आता जागतिक संदर्भ आहे. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या इमारती आहेत. पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आहे. या समूहाचा समावेश २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यापूर्वी २००४ साली तो मान आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला मिळाला होता. वारसा इमारतींसाठी बृहन्मुंबईची नियमावली १९९५ पासून अस्तित्वात आहे. म्हणजे मान आहे आणि कायदाही आहे. परंतु परवानगीवाचून दर्शनी रूप बदलू नका, एवढेच कायदा सांगू शकतो. चांगली खिडकी घडवून देणे त्याच्या हाती नाही. ते काम सुताराचे आहे, आणि नेमक्या त्या सुताराचा विचार आपल्या जतनाच्या धोरणात फारसा झालेला नाही.

जुनी खिडकी ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. उष्ण आणि दमट हवेच्या शहराने अनुभवातून बसविलेली ती एक यंत्रणाच होती. माथ्यावरच्या झरोक्यातून छताशी साचलेली गरम हवा बाहेर पडते. तिरप्या पट्ट्यांच्या झडपा पावसाची झड अडवतात, पण वारा अडवीत नाहीत. काचेची तावदाने उजेड देतात. झडपा पूर्ण उघडल्या की चौकटीची सारी मोकळी जागा वाऱ्याला मिळते. दोन झडपांच्या सरकत्या खिडकीत मात्र एक झडप दुसरीमागे जाते आणि फार तर अर्धी जागा उघडते. जेथे पूर्वी वारा येत होता तेथे मग वातानुकूलन यंत्र येते, आणि त्यासाठी दर्शनी भिंतीला आणखी एक भोक पडते.

या खिडक्या टिकल्या याचे श्रेय जितके कारागिरीला, तितकेच लाकडाला. पूर्ण वाढलेल्या सागाच्या गाभ्यात तेलकटपणा असतो. पाणी आणि वाळवी यांना तो दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही ती तरंगते आहे. असे लाकूड आता सहजी मिळत नाही. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, २०१४ साली सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. लागवडीच्या, लवकर तोडलेल्या सागात गाभा कमी आणि बाहेरचा फिकट, कच्चा भाग अधिक असतो. म्हणूनच जुन्या खिडकीचे लाकूड फेकून देणे हा अडाणीपणा ठरतो. त्याच्या तोडीचे लाकूड बाजारात पैसे मोजूनही मिळेल याची खात्री नाही.

तेव्हा पहिले तत्त्व दुरुस्तीचे. खिडकी बहुधा खालून कुजते, कारण पाणी खालच्या आडव्या पट्टीवर आणि उभ्या पट्ट्यांच्या पायाशी साचते. तेवढाच भाग तिरका कापून तेथे त्याच जातीचे नवे लाकूड सांधले, बिजागऱ्या बदलल्या, थरावर थर चढलेला रंग खरवडून काढला, की उरलेली खिडकी आणखी कित्येक वर्षे काम देते. ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीला ही सोय नाही. ती बिघडली की बहुधा सगळीच बदलावी लागते.

पण दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या खिडकीच्या जागी नवी खिडकी घडवावीच लागते, आणि ती जुनीची आंधळी नक्कल असण्याचे कारण नाही. मूळ वास्तूशी नवा भाग सुसंगत असावा, पण तो अस्सल असल्याचा आभास निर्माण करणारा नसावा, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले आहे. सांध्याची खाच आणि कुसू जुन्याच पद्धतीचे ठेवून लाकूड मात्र नीट सुकविलेल्या पट्ट्या चिकटवून तयार करता येते. त्यामुळे ते कमी पिळवटते. खाऱ्या हवेत गंजणाऱ्या लोखंडी स्क्रूंऐवजी पितळी किंवा चांगल्या प्रतीच्या पोलादाचे स्क्रू वापरता येतात. फटीतून येणारा आवाज आणि पाणी रोखणारी रबराची पट्टी खाचेत दडविता येते. दुहेरी काच मात्र जपून वापरावी लागते. तिचे वजन पेलण्यासाठी चौकट जाड करावी लागते आणि तावदानांमधील सडपातळ पट्ट्यांचे सारे सौष्ठव जाते. त्यापेक्षा जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूला, काढता-घालता येईल असा काचेचा वेगळा पडदा बसविणे अधिक शहाणपणाचे. आधुनिकता खिडकीच्या सांध्यांत असावी. रस्त्यावरून ती दिसण्याची गरज नाही.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. जुन्या चाळीत नाममात्र भाड्याने राहणारा भाडेकरू आणि त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही असे म्हणणारा मालक, या दोघांच्या मधे खिडकी कुजत असते. अशा वेळी त्या कुटुंबाने पाऊस घरात येऊ नये म्हणून सरकती खिडकी बसविली, तर त्याला अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. वारसा जपणे हे साऱ्या शहराचे हित असेल, तर त्याचा भार एकट्या भाडेकरूवर टाकता येणार नाही. झाडतोडीचा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. जंगल वाचावे या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या बांधकामांतील लाकडाच्या वापरावर बंदी घातली आणि २०२० साली ती उठविली. लागवडीचे लाकूड हे पुन्हा उगवणारे द्रव्य आहे. धातूच्या चौकटीमागे खाण आणि प्रचंड वीज असते, हे दरम्यान ध्यानात आले होते. पण एवढ्या मोठ्या आश्रयदात्याने सत्तावीस वर्षे पाठ फिरविल्यावर सुताराच्या मुलाने रंधा आणि पटाशी खाली ठेवली असेल, तर दोष त्याचा नव्हे.

उपाय अवघड नाहीत. सार्वजनिक कामांच्या दरसूचीत जुन्या खिडकीच्या दुरुस्तीला स्वतंत्र स्थान आणि रास्त दर असावा. आज चौरस मीटरने मोजता येणारी नवी खिडकी ठेकेदाराला सोपी आणि दुरुस्ती तोट्याची वाटते. वारसा इमारतींच्या लाकूडकामाची निविदा केवळ सर्वांत कमी रकमेवर ठरू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या वर्गाला जुन्या इमारतींवर प्रत्यक्ष काम मिळावे. तेथे शिकलेला तरुण जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन पावसाळे काढील, तर पुस्तकात न सापडणारी विद्या त्याच्या हाती येईल. पावसात लाकूड किती फुगेल हे ओळखून झडप आणि चौकट यांत किती फट ठेवायची, हे ठरविणारा हात एका दिवसात तयार होत नाही.

दगडी कमान शतकानुशतके उभी राहते. खिडकीला मात्र दर पिढीत माणसाचा हात लागतो. तो हात नाहीसा झाला, तर वारसा यादीतील मान कायम राहील, मनोरे आणि कमानीही राहतील. पण त्या कमानींत जे बसविले जाईल, त्याचा त्या वास्तूशी काही संबंध उरणार नाही.