पानओवा विकत घेऊ नका, मागून आणा

या शनिवारचं मत सरळ सांगतो. पानओव्याचं रोप विकत घेऊ नये. शेजाऱ्याकडे मागावं.

पानओवा म्हणजे ज्याच्या पानांची भजी करतात तो. जाड, रसरशीत, लव असलेली पानं. नुसता हात लागला तरी वास. पण मसाल्याच्या डब्यातला ओवा याचा सख्खा भाऊ नाही बरं का! तो धने-बडीशेपेच्या कुळातला, हा तुळस-पुदिन्याच्या. वास जुळतो तो थायमॉल, कार्व्हाक्रोल या द्रव्यांमुळे. शास्त्रज्ञांनी याला १७९० मध्ये कोलियस म्हटलं, पुढे प्लेक्ट्रँथस केलं आणि २०१९ मध्ये परत कोलियस. आपण व्हर्जन रोलबॅक करतो, अगदी तसंच.

आता मागायचं का? कारण याला बी लागत नाही. चार-पाच इंचांची फांदी घ्या, खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. कुंडीला खाली भोक हवंच. तीन-चार तासांचं ऊन पुरे.

आणि पाणी? इथेच बहुतेक रोपं जातात. पाण्याचा साठा पानांतच असतो, त्यामुळे वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय घालू नका. तहानलेलं रोप मान टाकतं आणि पाणी मिळालं की सावरतं. मुळं कुजलेलं रोप मात्र सहसा सावरत नाही. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या. देठाशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून टाका.

खरी गोष्ट पुढेच आहे. वर्ष-दोन वर्षांत खोड लाकडासारखं होतं, खालची पानं गळतात, रोप नुसतं लांबत जातं. मग शेंडे खुडावेच लागतात. म्हणजे दर थोड्या दिवसांनी हातात चार-सहा फांद्या! बाल्कनी केवढी, भजी किती खाणार? द्या ना कोणाला तरी. तीन घरांत तुमची फांदी असेल आणि जुलैत तुमचं रोप कुजलं, तर तुमचाच पानओवा तुम्हाला परत मिळतो. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अडचण एकच. त्यासाठी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवावी लागते. घरपोच मागवण्यात ती कटकट नाही, मान्य. पण सोसायटीच्या ग्रुपवर आपण फक्त पार्किंगवरून भांडायला उगवतो आणि समोरच्या काकूंचं आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचतो. रात्री दोनला ताप चढला तर कोणाची बेल वाजवणार? 'काकू, एक फांदी द्याल का?' यापेक्षा सोपी ओळख मला तरी सुचत नाही. बहुतेक काकू फांदीबरोबर भज्यांची कृतीही देतात.

बघा, पटतंय का. उद्या रविवारच आहे.