चंद्र भाकरीचा वैरी नव्हे

अर्थसंकल्पावर बोलण्यासाठी मध्यंतरी एका तालुक्याच्या अभ्यासवर्गात गेलो होतो. वर्ग आटोपल्यावर जुन्या सवयीप्रमाणे मी गच्चीवर दुर्बीण मांडली आणि जमलेल्या मंडळींना शनी दाखवू लागलो. एक तरुण कार्यकर्ता, ज्याच्या तळमळीविषयी मला तिळमात्र शंका नाही, हाताची घडी घालून बाजूला उभा होता. तो म्हणाला, “सर, तुम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गावच्या शाळेला छप्पर नाही आणि तुम्ही आम्हाला शनीची कडी दाखवता?” दोघे-चौघे हसले. मीही हसलो. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि त्यामागचा समजही तसाच सोडून देण्याजोगा नाही. म्हणून हे उत्तर.

आक्षेप नवा नाही आणि तो हलकाही नाही. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबांचा मोर्चा आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपणतळावर गेले होते. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात मुले उपाशी का, हा त्यांचा सवाल होता. पण पुढचा भाग आपले लोक सांगत नाहीत. ॲबरनॅथींनी उड्डाण थांबवण्याची मागणी केली नाही. अंतराळवीरांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी प्रार्थना केली आणि मोर्चातील कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी जागा मागून घेतली. भाकरीचा हक्क आणि आकाशाचा हक्क त्यांनी एकाच दमात मागितला. आपण मात्र पहिला मागताना दुसरा आपण होऊन सोडून देतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण हिशेब हा माझा धंदा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी १३,४१६ कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण खर्चाचा अंदाज ५० लाख ६५ हजार कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले सुमारे सव्वीस पैसे. याउलट सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकर एका फटक्यात कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. त्या एका वर्षाच्या रकमेत अवकाश विभागाचा दहा वर्षांहून अधिक खर्च भागतो. शाळेचे छप्पर उडाले ते चंद्राकडे गेलेल्या यानाच्या झोताने नव्हे. ते कोणी उडवले हे ठाऊक असूनही आपण यानाकडे बोट दाखवत असू, तर खऱ्या गुन्हेगाराला आपणच वाट मोकळी करून देत आहोत.

हा खर्च करून गरिबाला मिळाले काय? १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली फायलिन त्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. श्रेय एकट्या उपग्रहांचे नाही. निवारे बांधणाऱ्यांचे आणि लाखो लोकांना घराबाहेर काढणाऱ्यांचेही आहे. पण वादळाची वाट आधी कळली नसती तर कोणाला कोठून हलवायचे हेच समजले नसते. १९७५-७६ साली अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शेतीचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. ते वर्ष आणीबाणीचे होते आणि त्याच पडद्यावरून सरकारचा उदोउदोही झाला, हे मी विसरलेलो नाही. साधन कोणाच्या हाती आहे यावर त्याचा गुण ठरतो, एवढाच त्याचा धडा.

तरीही केवळ उपयुक्ततेवर माझी बाजू उभी नाही. श्रमिकाला फक्त पोट असते आणि कुतूहल ही पोट भरलेल्यांची चैन, असे मानणे हा भांडवलदारांचाच दृष्टिकोन आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी भर दुपारी रस्ते ओस पडलेले मी पाहिले आहेत. शिकलेली माणसे दारे लावून बसली होती. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाला विद्यापीठाचा दरवाजा उघडला. पुढे जयंत नारळीकरांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका घेऊन ज्योतिषांची परीक्षा पाहिली. त्यांची उत्तरे नाणे उडवून मिळावीत त्याहून सरस निघाली नाहीत. जो माणूस स्वतःच्या डोळ्यांनी शनी पाहतो, त्याला साडेसातीची भीती घालणे अवघड जाते. याला मी प्रबोधन म्हणतो.

आणि आता मुख्य मुद्दा. आपण आकाशाकडे पाठ फिरवून बसलो असताना त्याची वाटणी चालू आहे. १९६७ च्या करारानुसार अवकाश सर्व मानवजातीचे आहे आणि कोणत्याही राष्ट्राला त्यावर मालकी सांगता येत नाही. १९७९ च्या चंद्र-करारात चंद्राची साधनसंपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला गेला. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, अनुसमर्थन मात्र आजवर केलेले नाही. २०१५ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना व कंपन्यांना अवकाशातून काढलेल्या खनिजाची मालकी देऊन टाकली. जून २०२३ मध्ये भारताने वॉशिंग्टनमध्ये आर्टेमिस करारावर सही केली. उत्खनन केले म्हणजे आपोआप मालकी सांगितली असे होत नाही, ही त्यातील मखलाशी. ‘जमीन गावाची, पीक माझे’ असे म्हणणारा सावकार आपल्याला नवा नाही. सही झाली तेव्हा संसदेचे अधिवेशनही चालू नव्हते. आपल्या किती सभांत यावर ठराव झाला? दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, चंद्रयान-३ उतरले तेव्हा आपण एकतर टाळ्या वाजवल्या, नाहीतर नाके मुरडली.

या उद्योगाचे भांडवल कोणी घातले, तेही आठवावे. थुंब्याच्या कोळ्यांनी आपली वस्ती आणि चर्च दिले, तेव्हा २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. श्रीहरिकोट्याच्या यानादी आदिवासींना आपले बेट सोडावे लागले. त्यानंतरची सहा दशके करदात्यांनी पैसा ओतला. जोखीम संपून नफा दिसू लागताच २०२० साली खाजगी कंपन्यांसाठी दार उघडले आणि २०२४ साली परकीय गुंतवणुकीसाठी ते आणखी रुंद केले. पेरणी समाजाची आणि खळे मूठभरांचे, हा प्रकार आपण कापडगिरण्यांपासून विजेपर्यंत ओळखतो. मग तो आकाशात घडला की आपल्याला का दिसत नाही?

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सार्वजनिक पैशातून, देशी कौशल्याने, कमी खर्चात उभी केली. अशा दुर्बिणींना रेडिओ-शांतता लागते. २०१९ पासून एकट्या स्टारलिंकने हजारो उपग्रह पृथ्वीभोवती सोडले आहेत आणि त्यांतून नको त्या रेडिओलहरी गळतात, हे युरोपातील लोफार दुर्बिणीने २०२३ साली नोंदवले. एका धनाढ्याच्या धंद्यासाठी सर्वांच्या आकाशात गोंगाट होतो, आणि परवानगी मात्र कोणीही आपल्याला विचारत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. चंद्र-कराराचे अनुसमर्थन करावे आणि आर्टेमिसवर संसदेत खुली चर्चा व्हावी, ही मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात आली पाहिजे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले अवकाश-तंत्रज्ञान कवडीमोलाने खाजगी हाती जाता कामा नये. आणि प्रत्येक तालुक्यातील सरकारी शाळांसाठी किमान एक दुर्बीण हवी. तिला छप्पर लागत नाही, पण शाळेला ते लागतेच, आणि दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहाव्यात.

त्या रात्री रांगेत शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक मुलगी होती. दुर्बिणीला डोळा लावण्यापूर्वी तिने मला विचारले, “किती पैसे?” मी म्हणालो, “काही नाही, बाळ. बघ.” बराच वेळ ती बघत राहिली. आमचा तो कार्यकर्ता तोवर हाताची घडी सोडून तिच्या मागे येऊन उभा राहिला होता.

तिच्या मुलीने उद्या हाच प्रश्न विचारला तर उत्तरही हेच मिळाले पाहिजे. ते तसे मिळेल याची हमी कोणतीही कंपनी देणार नाही. ती आपणच द्यायची आहे.