चिन्हांना रूपावरून नावे हवीत

संगणकाची आज्ञावली डोळ्यांनी वाचणे निराळे आणि मोठ्याने वाचून दाखवणे निराळे. शब्द व अंक सुरळीत जातात; पण ‘{’ किंवा ‘~’ आले की वाचणारा अडखळतो. आमच्या सातारा-सांगलीकडे मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेले विद्यार्थी मग ‘तो महिरपी कंस’, ‘ती नागमोडी रेघ’ असे म्हणतात आणि ओशाळतात. माझ्या मते त्यांची वाटच बरोबर आहे. का, ते पाहू.

चिन्हाला नाव दोन प्रकारे देता येते : कामावरून किंवा रूपावरून. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही नावे किती थांबावयाचे ते सांगतात. म्हणजे ती कामावरून पडली. परंतु डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केलेल्या ‘सी’ भाषेत ‘;’ हे चिन्ह विधान संपवते. नाव अर्धविराम, काम पूर्णविरामाचे! ‘!’ ला आपण उद्गारचिन्ह म्हणतो. ‘सी’ मध्ये ते नकार दाखवते आणि गणितात ५! म्हणजे ५×४×३×२×१, म्हणजेच १२०. उद्गार कोठेच नाही. काम बदलले की असे नाव फसवते.

आता महिरपी कंस घ्या. गणितात तो संचाचे घटक कवेत घेतो, ‘सी’ मध्ये विधानांचा गट. काम काहीही असो, जुन्या वाड्यातील महिरप आठवली की आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. जगभर लोकांनी हेच केले आहे. ‘@’ ला इटालियन लोक गोगलगाय म्हणतात, तर डच लोक माकडाची शेपटी. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘इंटरकॅल’ नावाची गमतीची भाषा रचली. तीत ‘-’ ला अळी आणि ‘"’ ला सशाचे कान म्हटले आहे!

कोणी म्हणेल, इंग्रजी नावे पाठ केली की झाले. तीही जरूर शिका. पुढे ती लागतात. पण ‘अँपरसँड’ हा शब्द ऐकून नवख्याला ‘&’ काढता येईल काय? आणि ही केवळ सोयीची गोष्ट नाही. अनेक दृष्टिहीन विद्यार्थी आज्ञावली कानांनी वाचतात. एक चिन्ह जरी चुकीचे ऐकले, तरी सारी आज्ञावली अडू शकते.

तेव्हा एक प्रयोग करा. दहा ओळींची आज्ञावली न दाखवता मित्राला तोंडी सांगा. एका चिन्हाला एकच नाव ठेवा. ‘महिरप उघडा’, ‘महिरप मिटा’ असे स्पष्ट म्हणा. ‘#’ ला हवे तर ‘फुलीगोळा’ म्हणा. मित्राने एकही चिन्ह न चुकता लिहिले, तर तुमची नावे चांगली. जेथे तो चुकेल, तेथे नाव बदला. नावाची खरी परीक्षा ऐकणाऱ्याच्या हातून होते.