मदत येते, पण नाव कोणाचे?

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शेतकऱ्यांनी ताजे दूध ओतून दिले. शाळा बंद, हॉटेले बंद, दूध घ्यायला कोणी नाही. पण गाईला टाळेबंदी कळत नाही. तिचे दूध रोज काढावेच लागते.

१७ एप्रिलला तिथल्या सरकारने १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते. उरलेल्या तीन अब्जांतून भाजीपाला, दूध आणि मांस विकत घेऊन गरजूंना वाटायचे होते. अर्ज स्थानिक कृषी कार्यालयात करायचा. तिथल्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या जिल्ह्यात म्हणा, या कार्यालयात सगळे एकमेकांना ओळखतात. किती जनावरे, किती पीक, हे शेतकऱ्याने स्वतः लिहून द्यायचे. मदत लवकर पोहोचावी हा त्यामागचा हेतू होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

प्रश्न हिशेबाचा होता. मदत जनावरामागे आणि पिकाच्या मापामागे ठरली. ज्याच्याकडे जास्त, त्याला जास्त. एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरची मर्यादा होती खरी. पण शेतात राबणारे किंवा कारभार पाहणारे तीन भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत मिळू शकत होते.

आणि कोंबड्या पाळणारा? पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड, त्यावरचे कर्ज आणि कष्ट मात्र शेतकऱ्याचे. पक्षी त्याच्या मालकीचे नाहीत म्हणून पहिल्या योजनेत तो बसलाच नाही. त्याच्यासाठी कायद्यात तरतूद झाली ती डिसेंबर २०२० मध्ये, आणि अर्ज भरायला २०२१ उजाडले.

कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कहाणी आणखी लांब आहे. सरकारी कर्ज देताना पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या भेदभावाची भरपाई म्हणून मार्च २०२१ मध्ये त्यांच्यासह इतर वंचित गटांची कर्जे माफ करण्याचा कायदा झाला. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, न्यायालयांनी स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. त्याऐवजी भेदभाव सोसलेल्या सर्वांसाठी वेगळी योजना आली. तिचे सुमारे दोन अब्ज डॉलर ४३ हजारांवर लोकांना मिळाले, ते जुलै २०२४ मध्ये. तोवर कितीतरी घरांची जमीन हातची गेली होती.

हे दूरचे वाटेल, पण आपल्या घरातही हाच प्रश्न आहे. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतात. बटईने राबणाऱ्याला नाही. टाळेबंदीत दोन हजारांचा हप्ता लवकर आला, तोही त्याच यादीप्रमाणे. आपल्या कितीतरी घरांत दादा जाऊन वीस वर्षे झाली, तरी सातबारा त्यांच्याच नावावर आहे. वारसनोंद राहिली आहे. बहिणींची नावे तर कोणी काढतच नाही. वारशात तिचा हिस्सा ठरलेला आहे हे आपण सगळे जाणतो, मग तलाठ्याकडे जाताना तो का विसरतो?

संकट आल्यावर सरकार कष्ट पाहत नाही, कागद पाहते. म्हणून या महिन्यात एक काम करा: घरचा सातबारा काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत, ते सर्वांसमोर मोठ्याने वाचा. जे नाव राहिले असेल, त्याची नोंद आधी करून घ्या.