जुन्या पिकअपला पान्हा लावणारा शेतकरी गुन्हेगार कसा?



अर्धापूरच्या बैठकीत या खेपेला कापसाच्या भावाबरोबर आणखी एक विषय घ्यायचा आहे. ऐकून काहीजण हसतील. विषय आहे दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा. भाव पडलाय, पाऊस लहरी झालाय, आणि हे काय गाड्यांचं काढलं, असं कुणी म्हणेल. त्याने शेवटपर्यंत वाचावे आणि मग हसायचे की चिडायचे ते ठरवावे.

माझ्या दारात १९८८ सालची डिझेल जीप तीन वर्षे चिंचेखाली गंजत उभी होती. गेल्या उन्हाळ्यात पाडवा ते मृग या सवडीच्या दिवसांत ती आम्ही घरीच खोलली. पुतण्याला वेल्डिंग येते, गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे. त्या काळातल्या काही जीपगाड्यांना कंपनीने ट्रॅक्टरच्याच घराण्यातले इंजिन बसवले होते, त्यामुळे त्याला वेगळे काही शिकावे लागले नाही. चेसिस खरवडली, सडलेल्या दोन आडव्या पट्ट्या कापून नव्या जोडल्या. पाटे उतरवून भट्टीत घातले आणि त्यांना पुन्हा बाक दिला. नोझल आणि पंप नांदेडहून कॅलिब्रेट करून आणला. ब्रेकचे लायनर, चाकांचे सिलिंडर, हेड पॅकिंग आणि सगळी वायरिंग नवी टाकली. मग मागची बाके काढली आणि तिथे पत्र्याचा हौदा बसवला. कापूस वजनाला हलका पण जागेला भारी, म्हणून हौद्याला उंच जाळी केली. फवारणीची टाकी बांधायला चार कड्या लावल्या. सगळा खर्च एक लाख चाळीस हजार.

गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. अडचण आली ती कागदाला. एका कार्यालयात गेलो तर साहेबांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "पुस्तकात जीप आहे, दारात पिकअप आहे. पहिल्यासारखी करून आणा." ब्रेक लागतो का, हे त्यांनी विचारले नाही. स्टेअरिंग हलवून पाहिले नाही. गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, ती कंपनीने केली तशी आहे का.

पिकअप जन्माला घातली कुणी?

मालक गाडीत बदल करतो म्हणजे काहीतरी आगाऊपणा करतो, असे ज्यांना वाटते त्यांनी पिकअप नावाच्या गाडीचा जन्म पाहावा.

अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी गाडी आली. ती माणसे बसवायची गाडी होती. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि गावातल्या लोहार-सुतारांनी तिचा मागचा भाग काढून लाकडी पेटी बसवली आणि धान्य, डुकरे, दुधाचे कॅन बाजारात न्यायला सुरुवात केली. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड चिरायचे यंत्र चालवायचे, असेही उद्योग त्यांनी केले. कुणी त्यांना "पहिल्यासारखी करून आणा" म्हटले नाही. उलट कंपनीच शहाणी झाली आणि १९२५ साली तिने कारखान्यातूनच मागे हौदा असलेली गाडी विकायला काढली.

ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या, दोन गाड्या आम्हाला परवडत नाहीत, अशी तिची मागणी. त्यातून १९३४ साली तिथली प्रसिद्ध 'यूट' तयार झाली. महायुद्ध संपताच १९४५ साली विलीज कंपनीने आपली लष्करी जीप नागरिकांसाठी बाजारात आणली, तीही शेतीची गाडी म्हणून. पाहिजे तर त्या जीपला ट्रॅक्टरसारखा फिरता दांडा बसवून मिळे, औजार ओढायची सोय मिळे. त्याच विलीज जीपची जुळणी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी सुरू केली आणि ती आपल्या बांधावर आली.

म्हणजे हौद्याची गाडी ही शेतकऱ्याच्या गरजेतून, शेतकऱ्याच्या मोडतोडीतून निघालेली चीज आहे. आता तीच मोडतोड केली तर शेतकरी आरोपी!

२००० साली काय बदलले?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातले कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. मूळ कलमात मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, त्याची मंजुरी घेऊन बदल करायची वाट होती. तीही परवान्याचीच वाट, चिरीमिरीची वाट. पण वाट होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती बंद केली. तेव्हापासून मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी संसदेने शिक्षा वाढवली. परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता माझ्या गाडीचा हिशेब करा. हौदा एक, जाळी दोन, कड्या तीन. पंधरा हजार आणि वर तुरुंग!

या कलमात आणखी एक गंमत आहे. ज्याच्याकडे किमान दहा वाहतुकीच्या गाड्या आहेत, त्याला त्याच बनावटीचे इंजिन अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. दहा गाड्यांचा धनी विश्वासाचा. एका गाडीचा धनी शेतकरी मात्र संशयित. इंडिया आणि भारत यांच्यातली रेघ कुठे आहे असे कुणी विचारले, तर त्याला हे कलम वाचायला द्यावे.

हौसेला मान, गरजेला दंड

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी खास नियम केले. त्यांना 'व्हिंटेज' म्हणायचे. नव्या नोंदणीला वीस हजार, ती दहा वर्षे चालते, पुढच्या नोंदणीला पाच हजार. अट इतकीच की गाडी मूळ रूपात असावी आणि तिने रोजची कामे करू नयेत. प्रदर्शनाला जावे, मिरवणुकीत फिरावे, डिझेल भरावे आणि घरी यावे. गाड्यांची हौस करणाऱ्यांवर आमचा राग नाही. ज्याचा पैसा, त्याची हौस.

पण आमच्या गाडीचे बघा. खाजगी जीपची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी ६०० रुपयांत होत होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. तीही फक्त पाच वर्षांसाठी, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे दहा वर्षांत शोभेच्या गाडीच्या फेरनोंदणीला पाच हजार आणि कष्टाच्या गाडीला वीस हजार. गाडीने काम करणे हाच तिचा अपराध.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. लोहारांनी भंगारातले भाग जोडून सुमारे साठ हजारांत एक छोटी जीप बनवली, तीही दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि त्याचवेळी, ही कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, हेही सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी लोहारांना नवी बोलेरो दिली आणि ती गाडी आपल्याकडे ठेवायला नेली. महिंद्रांनी दिलदारी दाखवली, लोहारांचेही भले झाले. पण यातून धडा काय निघाला? खेड्यातल्या माणसाची अक्कल जपून ठेवायच्या लायकीची आहे, रस्त्यावर चालवायच्या लायकीची नाही! गावोगावच्या लोहारांना बोलेरो कोण देणार? आम्हाला बोलेरोचे बक्षीस नको. आमच्या गाडीवरचा आमचा हक्क हवा.

कापसात मोजा

नवी पिकअप घ्या, असा सल्ला मिळतो. घेऊ या. हौद्याची नवी गाडी नऊ लाख धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. गाडीसाठी १११ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूला एकरी पाच क्विंटल धरले तर बावीस एकरांचा सगळा कापूस. त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी काही वजा केलेले नाही. संकरित ज्वारी ३,६९९ च्या हमीभावाने विकायची म्हटली तर २४३ क्विंटल. आणि हमीभाव पदरात पडतो कुणाच्या?

दर पाडण्याची व्यवस्था मात्र चोख आहे. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने माफ केले. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दार सताड उघडे. पण शेतकऱ्याला स्वस्त पिकअप मिळावी म्हणून परदेशातली वापरलेली गाडी आणू म्हटले, तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. आमचा माल खुल्या बाजारात, आमच्या गरजा बंद बाजारात. उलटी पट्टी म्हणतात ती हीच.

सुटे भाग पाहा. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवर जीएसटी ५ टक्के, पिकअपच्या टायरवर १८ टक्के. दोन्ही गाड्या त्याच चिखलातून, तोच कापूस घेऊन जातात. भाग खुल्या बाजारात न विकण्याची कंपन्यांची खोड जुनी आहे. २०१४ साली स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी चौदा कारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड सुनावला, त्यावर अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, संकेतस्थळ काढले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मात्र शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः दुरुस्त करता यावे म्हणून २०२३ साली कायदाच झाला. तिथे कायदा, इथे संकेतस्थळ.

कुणी म्हणेल, गाडी भाड्याने करा. वेचणीच्या ऐन हंगामात भाडे काय होते ते तुम्ही जाणता. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर ॲपवर नोंदणी करायची, मिळालेल्या दिवशी हजर व्हायचे. त्या दिवशी गाडी मिळाली नाही तर कापूस घरी. मग दारात काटा घेऊन येणारा खेडा खरेदीवाला म्हणेल तो भाव. ज्याच्या दारात चालती गाडी आहे तो त्याला म्हणू शकतो, "नाही देत, नांदेडला नेतो." १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला, त्यात व्यापार शेती होती. मालाला चाके नसतील तर व्यापार कसला करणार?

ब्रेकचे काय?

विरोधकांचा एक प्रश्न खरा आहे. घरी केलेल्या गाडीने माणूस मेला तर? याचे उत्तर टाळून चालणार नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात बायका गेल्या. त्या आपल्याच होत्या. सुरक्षितता हा शहरवाल्यांचा चोचला नाही, आपल्या घरचा प्रश्न आहे.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की गाडी तपासा, कडक तपासा. ब्रेक किती अंतरात लागतो ते मोजा, स्टेअरिंगचा ढिलेपणा पाहा, वेल्डिंग ठोकून पाहा, धूर मोजा, भार किती पेलते ते लिहून द्या. नापास झाली तर परत पाठवा. पण वय पाहून आणि कंपनीचा कागद पाहून निकाल देऊ नका. ढिल्या ब्रेकची गाडी कागदावर मूळ रूपात असली तरी नांदेड–हिंगोली रस्त्यावर मारायचीच. आणि आपणही एक शपथ घेऊ: हौदा मालासाठी आहे. मजूर बायकांना त्यात उभे करून कुणी नेणार नाही.

बैठकीपुढचा ठराव

१. कलम ५२ मध्येच विशिष्ट कारणासाठी बदलांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. तो शेतीमालाच्या वाहतुकीसाठी वापरावा. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी करून, पास झालेला बदल आरसी बुकात चढवून द्यावा.

२. जुन्या गाडीचे शुल्क वयावर न लावता तपासणीच्या प्रत्यक्ष खर्चाइतकेच घ्यावे.

३. मालवाहू पिकअपच्या टायरना आणि सुट्या भागांना ट्रॅक्टरचाच कर लावावा.

४. बंद पडलेल्या मॉडेलचे नकाशे आणि दुरुस्तीची पुस्तके कंपन्यांनी खुली करावीत, म्हणजे गावचा मिस्त्री अंदाजाने नव्हे तर मापाने काम करील.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या जुन्या गाडीच्या आरसी बुकाची नक्कल, गेल्या दोन वर्षांत भरलेल्या शुल्काच्या पावत्या आणि हंगामात दिलेल्या भाड्याचा हिशेब आणावा. गावच्या मिस्त्रीलाही बरोबर आणावे. आजवर या विषयावर सगळे बोलले, फक्त गाडी खोलणाऱ्याला कुणी विचारले नाही.

माझी गाडी मी पहिल्यासारखी करणार नाही. हौद्यासकट ती अर्धापूरला आणणार आहे. ज्यांना तपासायची आहे त्यांनी यावे आणि आधी ब्रेक दाबून पाहावा.