भंगारात देण्याआधी कार्ड वाचा

शाळेची अडगळीची खोली रिकामी करायची म्हटली की जुना संगणक सर्वांत आधी भंगारवाल्याकडे जातो. माझं म्हणणं एवढंच, की देण्याआधी पेटी उघडा आणि आत खोचलेली कार्डं ओळखा. त्यातलं एखादं आपल्या भाषेचं निघू शकतं.

त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. वीज बंद करून कार्ड काढा, आमच्या चंद्रपूरची कोळशाची धूळ ब्रशने झाडा. सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंना ३१-३१ असतील तर कार्ड आठ बिटांच्या आयएसए खाचेचं, म्हणजे जुन्या आयबीएम पीसीच्या घराण्यातलं. चिपांवर बहुधा चार आकडे असतात: ९१२३ म्हणजे १९९१ सालचा तेविसावा आठवडा. मग छापलेलं नाव शोधा.

तिथे ‘जिस्ट’ किंवा ‘सी-डॅक’ दिसलं तर थांबा. डॉसच्या पडद्यावर रोमन अक्षरांचंच राज्य होतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलं. हे कार्ड खोचलं की त्याच पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागची संकेतप्रणाली इस्की. तिच्यात देवनागरी ‘क’ आणि तेलुगू ‘क’ यांचा क्रमांक एकच. चंद्रपुरात मराठीत टाइप केलेलं नाव सिरोंच्यात तेलुगू लिपीत दाखवता आलं असतं.

उर्दू मात्र या चौकटीत बसली नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी, जागेनुसार रूप बदलणारी अक्षरं. १९९१ च्या इस्की मानकाने फारसी-अरबी लिपी वेगळीच ठेवली. पुढे उर्दू छपाईत १९९४ चं इनपेज रूढ झालं, तेही स्वतःचे वेगळे संकेत घेऊन. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हे मला बोचतं: एकाच गावाचे कागद दोन वेगळ्या कुलुपांत बंद.

कार्ड ओळखणं म्हणजे किल्ली ओळखणं. जुन्या फ्लॉपीवरची फाइल आज अगम्य चिन्हं दाखवते आणि आपण ती खराब समजून टाकतो. ती इस्कीत आहे हे कळलं तर युनिकोडमध्ये आणता येते. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. त्या फाइलीत दाखल-खारीज रजिस्टर असेल, कुणाच्या जन्मतारखेचा पुरावा असेल. नावातल्या एका अक्षरावरून ज्यांचे कागद परत येतात, त्या आपल्या घरांना त्याचं मोल सांगायला नको.

शाळेचं दफ्तर ही अमानत आहे. म्हणून कार्डाचा फोटो काढा, नंबर वहीत उतरवा, फ्लॉप्या त्याच्यासोबत एका पिशवीत ठेवा. उरलेला सांगाडा खुशाल किलोवर विका.